दहा बाय बाराच्या हॉलसाठी साउंडबार घेतोय, सबवूफर केवढा घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात मनीषनगरला फ्लॅट, हॉल १० बाय १२ फूट, टीव्ही ४३ इंची, बजेट २० हजारांपर्यंत. दुकानदार ५.१ (समोर तीन, मागे दोन स्पीकर आणि एक सबवूफर) आणि मोठा वूफर घ्या म्हणतोय, घरचे म्हणतात एवढा दणदणाट कशाला. आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की आईंना मालिकेतले संवाद नीट कळत नाहीत. माझ्या मते खरेदी या शेवटच्या वाक्यावरून ठरवा. बाकीचं त्यामागून येईल.

हल्लीचे टीव्ही इतके पातळ झालेत की स्पीकर समोर बसवायला जागाच उरलेली नाही. ते खाली किंवा मागे तोंड करून असतात, आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो. त्यात आपल्याकडच्या फ्लॅट स्कीममध्ये खाली टाइल्स, वर स्लॅब, चारही बाजूंना गुळगुळीत भिंती. आणि मार्च संपला की खिडकीत लोखंडी कूलर सुरू. कूलर बंद करून मालिका बघा असं मे महिन्यात नागपुरात कोणाला सांगायची सोय नाही. त्या पंख्याच्या आणि पाण्याच्या आवाजात 'स', 'श', 'त', 'क' अशी बारीक व्यंजनं आधी बुडतात. आवाज येतो, शब्द कळत नाही. मग आपण रिमोट दाबत जातो आणि जाहिरात लागली की सगळं घर दचकतं.

यावर इलाज वूफर नाही, मधला स्पीकर आहे. २.१ म्हणजे डावा, उजवा आणि सबवूफर, म्हणजे फक्त बेसचा, खालच्या घुमाऱ्याचा वेगळा डबा. ३.१ मध्ये बारच्या मधोमध एक वेगळा स्पीकर असतो. सिनेमा किंवा वेब सिरीज ५.१ मध्ये असेल तर बहुतेक संवाद त्या मधल्या चॅनलवरच असतात, आणि बऱ्याच ३.१ बारमध्ये तेवढाच आवाज वेगळा वाढवता येतो. कूलर चालू असताना मधला दोन घरं वर, वूफर दोन घरं खाली, झालं काम. केबलच्या सेट टॉप बॉक्सवरून बहुतेक वाहिन्या स्टिरिओच येतात, तिथे बार डाव्या-उजव्यात जे सारखं आहे ते काढून मध्ये पाठवतो. सिनेमाइतकं चोख नाही जमत, पण फरक कळतो. २० हजारांच्या आसपास, विशेषतः दिवाळीच्या सवलतीत, ३.१ मिळू शकतो. नाहीच मिळाला तर चांगला 'व्हॉइस' मोड असलेला २.१ घ्या, पण त्या बजेटमध्ये मागचे दोन स्पीकर मिळतात म्हणून ५.१ कडे वळू नका. तुमचा सोफा भिंतीला टेकलेला असणार. मागचे स्पीकर मग मागे राहत नाहीत, कानाशी येऊन बसतात.

आता वूफर. इथे थोडं गणित सांगतो, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. १२ फूट म्हणजे ३.६६ मीटर. दोन भिंतींमध्ये ज्या लाटेची बरोबर अर्धी लांबी बसते ती खोलीच फुगवून मोठी करते. तुमच्या हॉलमध्ये लांबीच्या दिशेने ती येते ४७ हर्ट्झच्या (सेकंदाला ४७ कंपनांच्या) आसपास, रुंदीच्या दिशेने ५६ च्या आसपास. दोन्ही नेमक्या सबवूफरच्या पट्ट्यात. हा फुगवटा भिंतीपाशी सगळ्यात जास्त असतो आणि खोलीच्या मधोमध जवळपास नाहीसा होतो. म्हणजे सोफा भिंतीला आणि वूफर कोपऱ्यात, हे आपलं नेहमीचं गणित, म्हणजे बेसला दोन्हीकडून धक्का. एवढ्या हॉलला साडेसहा इंची वूफर पुरून उरतो. आठ इंची घेतलात तर कायम कमीवरच ठेवाल.

आमच्या हॉलमध्ये हे ऐकायचंसुद्धा काम नाही, दिसतं. शोकेसमध्ये स्टीलचे पेले एकात एक घालून ठेवलेत. बाकी कितीही दणका असू दे, एक ठरावीक स्वर आला की तेवढे पेले किणकिणतात. वूफर कोपऱ्यातून हात-दीड हात बाहेर ओढला की थांबतात.

जागा शोधायची एक जुनी युक्ती आहे, विचित्र दिसते पण चालते. वूफर उचलून सोफ्यावर, तुम्ही जिथे बसता तिथे ठेवा. सतत बेस असलेलं गाणं लावा, आणि स्वतः गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेकडेने ऐकत जा. जिथे बेस फुगलेला नाही, हरवलेलाही नाही, एकसारखा वाटतो, तिथे वूफर ठेवायचा. पोरं हसतील, हसू द्या.

मात्र बार फार बारीक असेल तर ही युक्ती अर्धीच वापरा. बोटभर जाडीच्या बारमध्ये दोन इंचांच्या आसपासचे स्पीकर असतात, त्यांना दीडशे-दोनशे हर्ट्झच्या खाली उतरणं जड जातं. मग तेवढा भाग वूफरकडे ढकललेला असतो. पुरुषांच्या आवाजाचा तळ साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो. वूफर सोफ्याच्या मागे ठेवलात तर बातम्या देणाऱ्याचं तोंड समोर आणि छाती मागे, असा प्रकार होतो. ८० च्या आसपासचा बेस कुठून येतोय ते कानाला फारसं कळत नाही, दीडशेच्या वर ते चांगलं कळतं. म्हणून बारीक बार असेल तर वूफर टीव्हीच्याच भिंतीला, तीन-चार फुटांच्या आत. आणि दोन बार सारखे वाटत असतील तर जरा जाड असलेला घ्या. दिसायला पातळ छान दिसतो, पण डग्ग्याचा घुमारा आणि माणसाचा गळा दोन्हीसाठी डब्यात थोडी हवा लागते.

वॅटच्या आकड्याकडे बघूच नका. खोक्यावरचे '५०० वॅट' ही सगळ्या स्पीकरची बेरीज असते, आणि बरेचदा आवाज १० टक्के बिघडू देऊन मोजलेली. ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. आठ फुटांवर बसून बातम्या ऐकायला एखादा वॅट खूप झाला.

ॲटमॉसचंही (आवाज डोक्यावरूनही आल्यासारखा वाटावा अशी डॉल्बीची सोय) तेच. वर तोंड केलेले स्पीकर असतील तर सपाट छतावरून आवाज खाली येतो आणि मजा येते. पण २० हजारांत बहुतेक ठिकाणी नुसतं नाव आणि आतली करामत असते. त्यासाठी पैसे वाढवू नका.

जोडणी मात्र नीट करा. टीव्हीच्या मागे एका एचडीएमआय पोर्टपाशी 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेलं असतं, म्हणजे टीव्हीचा आवाज त्याच वायरने बारकडे पाठवायची सोय. वायर तिथेच लावायची, शेजारच्यात नाही. एआरसी २००९ पासून एचडीएमआय १.४ बरोबर आलं, त्यामुळे तुमच्या टीव्हीत बहुधा असेलच. याचा खरा फायदा आईंना. टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो, टीव्ही बंद केला की बारही बंद. त्यासाठी सेटिंगमध्ये सीईसी (एका रिमोटवर दोन्ही उपकरणं चालवायची सोय) चालू करावं लागतं, आणि प्रत्येक कंपनीने त्याला आपलं बारसं केलंय: सॅमसंगचं 'एनीनेट प्लस', एलजीचं 'सिम्पलिंक', सोनीचं 'ब्राव्हिया सिंक'. ऑप्टिकल वायरने आवाज चांगला येतो, पण रिमोट सहसा दोन होतात. ब्लूटूथ गाण्यांपुरतं ठेवा, सिनेमात ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. आणि 'वायरलेस' वूफरलाही विजेची वायर असतेच, म्हणून जागा ठरवण्याआधी बोर्ड कुठे आहे ते बघा.

सीताबर्डीवर किंवा वर्धा रोडच्या मोठ्या शोरूममध्ये गेलात की विक्रेता मारामारीचा ट्रेलर लावेल, काचा हादरतील, सगळे खूश. त्याला म्हणा, भाऊ, बातम्या लाव, आणि आवाज कमी कर. शोरूम तुमच्या हॉलच्या कितीतरी पट मोठं असतं, तिथला बेस तुमच्या घरी तसा वाजणारच नाही. शब्द मात्र तिथेही तपासता येतात. हळू आवाजात, पाठ फिरवून, बोलणं स्पष्ट कळतंय का बघा. आईंना बरोबर न्या, निकाल त्यांच्या कानांचा. शक्य असेल तिथे परत घेण्याची मुदत विचारून ठेवा.

शेजाऱ्यांचं एक. निवासी भागासाठी रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे, ती २००० सालच्या नियमांतली. पण खालच्या मजल्यावरचे काका मोजायला मीटर घेऊन येत नाहीत. बेस स्लॅबमधूनही खाली जातो, म्हणून वूफरखाली जाड रबरी मॅट टाका, रात्री मोठे आवाज दाबणारा 'नाइट' मोड ठेवा. हॉलमध्ये एक जाड सतरंजी आणि खिडकीला भारी पडदा लावलात तर शब्द आणखी मोकळे होतील.

आणि कूलरच्या समोर वूफर अजिबात नको. वूफरचा डबा बहुतेक वेळा एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) असतो, कूलरच्या ताटीतून उडणारं पाणी दोन-तीन उन्हाळे बसलं की खालची कड फुगते.

टीव्हीचं मॉडेल कळवा, एआरसीचं पोर्ट कोणतं ते सांगतो.