पहिला पॉझिटिव्ह, दुसरा निगेटिव्ह : खरा कोणता?

प्रश्न : मला संधिवात आहे. नवं इंजेक्शन सुरू करण्याआधी डॉक्टरांनी टीबीसाठी ‘इग्रा’ ही रक्तचाचणी सांगितली. आकडा 0.41 आला, रिपोर्ट पॉझिटिव्ह. घाबरून दुसऱ्या लॅबमध्ये पुन्हा केली, तर 0.29, निगेटिव्ह. मी स्टिरॉइडच्या गोळ्या घेते. खोकला, ताप काही नाही. कोणावर विश्वास ठेवू?

उत्तर : ताई, या चाचणीत 0.35 ही रेघ आहे. तुमचे दोन्ही आकडे तिच्या अगदी अलीकडे-पलीकडे आहेत. इतका फरक एकाच माणसाच्या रक्तात, एकाच लॅबमध्येही पडतो. त्यामुळे दोन्ही लॅब आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

ही चाचणी जंतू शोधत नाही. टीबीच्या जंतूची ओळख असलेल्या पांढऱ्या पेशी चिथावल्यावर इंटरफेरॉन गॅमा हे प्रथिन सोडतात का, हे ती मोजते. म्हणजे पेशी जिवंत आणि ताज्या हव्यात. मी लॅबमध्ये रोज बघते, निकाल बिघडतो तो बहुतेक मशीनवर जाण्याआधीच. चार छोट्या नळ्या असतात, प्रत्येकीत साधारण एक मिली रक्त. पेशींना चिथावणारी प्रथिनं नळीच्या आतल्या भिंतीला लावलेली असतात, म्हणून नळी दहा वेळा अशी हलवायची की सगळी भिंत रक्ताने ओली व्हावी. घुसळून काढली तरी निकाल चुकतो. मग 16 तासांच्या आत ती 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये गेली पाहिजे. या नळ्यांत थेट घेतलेलं रक्त फ्रिजमध्ये ठेवलं तर पेशी मंदावतात. नमुना संध्याकाळी घेऊन दूरच्या लॅबला पाठवला असेल, तर हे सगळं जरूर विचारा.

माझ्या हातात रिपोर्ट आला की मी आधी ‘मायटोजेन’ नळीचा, म्हणजे पेशी काम करतात का हे पडताळणाऱ्या नळीचा, आकडा बघते. तिथे पेशींनी प्रतिसाद द्यायलाच हवा. स्टिरॉइडमुळे तो दबू शकतो, आणि तो कमी असेल तर निगेटिव्हवर माझा भरवसा बसत नाही. नुसतं ‘पॉझिटिव्ह/निगेटिव्ह’ लिहिलेला कागद पुरेसा नाही. दोन्ही लॅबकडून चारही नळ्यांचे आकडे मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

लहानपणी टोचलेल्या बीसीजीची काळजी नको, त्याने ही चाचणी पॉझिटिव्ह येत नाही. घरात कोणाला नुकताच टीबी झाला असेल तर मात्र डॉक्टरांना सांगा. संसर्गानंतर पहिले काही आठवडे ही चाचणी निगेटिव्ह राहू शकते.

पॉझिटिव्ह म्हणजे टीबी झालाच, असंही नाही. जंतू शरीरात निपचित पडून असला तरी ती तशीच येते. तुमचं नवं इंजेक्शन त्याला जागं करणारं असू शकतं, म्हणून 0.41 चा कागद बाजूला टाकू नका. दोन्ही रिपोर्ट आणि छातीचा एक्स-रे एकत्र दाखवा. आधी प्रतिबंधक औषधं घ्यायची का, ते डॉक्टर ठरवतील. आणि चाचणी नीट यावी म्हणून स्टिरॉइड आपल्या मनाने बंद करू नका, ते अचानक थांबवणं धोक्याचं असतं.