सोर्समधून लायब्ररी बसवतोस? आधी एवढं बघ

भाऊ, लायब्ररीचा (इतर प्रोग्राम वापरतात त्या तयार कोडचा) सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवण्याआधी उबुंटू लिनक्सच्या तयार पॅकेजांमध्ये तीच लायब्ररी आहे का ते शोध. असली तर ‘अ‍ॅप्ट’ने (उबुंटूच्या पॅकेज बसवायच्या कमांडने) बसव अन् मोकळा हो. नवीनच आवृत्ती हवी असेल, तरच पुढचं:

- ‘बिल्ड-इसेन्शियल’ आधी टाक. कंपायलर (कोडचा प्रोग्राम बनवणारा) आणि मेक (ते काम क्रमाने करून घेणारी कमांड) दोन्ही त्यात येतात.
- सोर्ससोबत येणारी रीडमी फाइल वाच. मेकच्या आधी मशीनवर लागणारं सगळं आहे का ते तपासणारी ‘कॉन्फिगर’ स्क्रिप्ट सगळीकडे चालत नाही. कुठे त्याऐवजी सीमेक नावाचं साधन लागतं, कुठे मेसन.
- कॉन्फिगर आणि मेक सुडोशिवाय (अ‍ॅडमिनचे अधिकार न घेता) चालव; सुडो शेवटच्या ‘मेक इन्स्टॉल’ला.

नवशिके सगळ्यात जास्त अडकतात कॉन्फिगरपाशी. अमुक लायब्ररी सापडत नाही म्हणतं, आणि ती तर मशीनवर असते! असते, पण तिच्या हेडर फाइली (कंपाइल करताना लागणारी तिच्या फंक्शनांची माहिती) नसतात. त्या फाइली लायब्ररीच्या नावाला ‘-डेव्ह’ जोडलेल्या वेगळ्या पॅकेजात मिळतात. मेक मध्येच थांबलं, तर शेवटची नको, पहिली एरर वाच.

बसवूनही प्रोग्राम ‘शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडत नाही’ म्हणाला, तर सुडोने ‘एलडीकॉन्फिग’ चालव. लायब्ररी बहुतेक ‘/यूएसआर/लोकल’मध्ये गेलेली असते, फक्त सिस्टमच्या यादीत तिची नोंद झालेली नसते; एलडीकॉन्फिग ती करतं.

सोर्सचं फोल्डर लगेच उडवू नको. ‘मेक अनइन्स्टॉल’ची सोय असेल तर ते तिथूनच चालतं. आणि प्रोसेसरचे सगळे कोर लावून मेक चालवायचं असेल, तर नागपूरच्या मे महिन्यात रात्री कर. दुपारी लॅपटॉप तापून स्वतःच मंदावतो, बाप्पा.