वाडियात रुजू होतेस? पहिल्या महिन्यापुरतं एवढंच

परळच्या वाडिया बाल रुग्णालयात जागा मिळाली, मनापासून अभिनंदन! १९२९ पासून मुलांसाठीच चालणारं रुग्णालय आहे, एमडीच्या तीन वर्षांत खूप बघशील. व्हेंटिलेटर वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नकोस. आधी हे पक्कं कर:

- वजन स्वतः बघ, जुन्या केसपेपरवरचं उतरवू नकोस. मुलांचा डोस किलोवर ठरतो. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट. हिशेब कागदावर मांड आणि सिस्टरांना मोठ्याने वाचून दाखव.
- श्वास पूर्ण एक मिनिट मोज, तोही स्टेथोस्कोप लावायच्या आधी. बाळ आईच्या मांडीवर शांत असताना झबलं वर करून पोटाकडे बघत राहा. दोन महिने ते वर्षाच्या बाळाला ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांना ४० किंवा जास्त म्हणजे जलद. नवे लोक हमखास पंधरा सेकंद मोजून चारने गुणतात. बाळांचा श्वास एका लयीत नसतो, त्यामुळे आकडा चुकतो.
- आई म्हणाली, "आज हा वेगळाच वाटतोय," तर परत तपास. रात्री तीन वाजलेले असले तरी.

प्रबंधाचा प्रश्न छोटा घे. एथिक्स कमिटीची मंजुरी येईपर्यंत एकही नोंद गोळा करू नकोस.

आणि शंका आली की सीनियरला उठव. चिडले तरी उठव.