पहिला जिना करताय? आधी उंची नीट मोजा

पहिलाच जिना आणि तोही सरळ, चार-सहा पायऱ्यांचा, म्हणजे सुरुवात योग्य आहे. जमेल तुम्हाला. लाकूड आणण्याआधी खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंतची उभी उंची मोजा. फरशी बसायची असेल तर तिची जाडी आत्ताच धरा.

समजा उंची १०८ सेंमी आली. सहाने भागली की प्रत्येक चढ, म्हणजे एका पायरीची उंची, १८ सेंमी. शेवटचा चढ थेट वरच्या फरशीवर जातो, म्हणून पायरीच्या फळ्या पाचच लागतात. सगळे चढ सारखेच हवेत. एक जरी दीड-दोन सेंमीने वेगळा झाला, तरी पाय तिथेच अडखळतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे: पायरीच्या फळीची जाडी विसरतात. फळी ३ सेंमीची असेल तर पहिला चढ २१ होतो आणि शेवटचा १५. म्हणून बाजूच्या तिरक्या फळीचा (जिच्या खाचांवर पायऱ्या बसतात) तळ तेवढाच, ३ सेंमी, कापून टाका.

आणखी दोन गोष्टी:
- खाचा कापताना मशीन कोपऱ्याच्या थोडं अलीकडे थांबवा, उरलेलं हातकरवतीने. रेघेपुढे गेलेला काप तिथेच फळी कमकुवत करतो.
- खाचेखाली निदान ९ सेंमी सलग लाकूड राहू द्या.

एक तिरकी फळी कापा, जागेवर टेकवून बघा, मगच तिच्यावरून दुसरी आखा. ही घाई करू नका, खरंच. कठडा मात्र लावायचाच. गोल वळणं, नक्षी पुढच्या जिन्याला.