नाशिकमध्ये घरच्या दोन फुटी प्लांटेड टँकला (जिवंत पाणवनस्पती लावलेल्या मत्स्यालयाला) कमी वीज खाणारा कोणता लाइट घ्यावा?

६०×३०×३० सेंमी टँकमध्ये साधारण ५० लिटर पाणी मावतं. अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन अशा कमी उजेडात वाढणाऱ्या पाणवनस्पतींसाठी लिटरमागे २०-२५ ल्युमेन (उजेडाचं माप) पुरे. म्हणजे १२ वॅटचा, ६५०० केल्विनचा (दिवसाच्या उजेडासारखा पांढरा) एलईडी घ्या. खोक्यावर वॅट नव्हे, ल्युमेन बघा. एका वॅटला १०० ल्युमेनच्या आसपास हवेत. निळे-जांभळे शोभेचे दिवे नकोच.

रोज ७ तास लावला तर महिन्याला अडीच युनिट, बिलात जाणवतसुद्धा नाही. खरी गडबड जास्त उजेडाने होते: पाण्यात सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू) न देता २५ वॅट लावला की झाडं तेवढा उजेड वापरू शकत नाहीत, शेवाळ मात्र फोफावतं. त्यामुळे टायमर हवाच. एप्रिल-मेच्या उन्हात पाणी आधीच तापतं, तेव्हा लाइट संध्याकाळी ४ ते ११ ठेवा.