मैदानाबाहेरचा खेळाडू

प्रश्न : आमच्या इन्स्टाग्राम पानावर कबड्डीपटूंच्या घरच्या गोष्टीही दाखवाव्या म्हणतो. मर्यादा कुठे? – एक वाचक, परभणी

उत्तर : खेळाडूने स्वतः जाहीरपणे सांगितलेलं वापरा. बीडचे धावपटू अविनाश साबळे यांची लष्करातली नोकरी, २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेतलं रौप्यपदक सर्वांना ठाऊक आहे. म्हणून त्यांच्या आईवडिलांच्या दारात कॅमेरा लावायचा हक्क कुणाला मिळत नाही. खेळाडू १८ वर्षांखालचा असेल तर पालकांची लेखी परवानगी घ्या, शाळेचा फलक आणि गाडीचा नंबर धूसर करा. सरावाची रोजची वेळ सांगूच नका, मुलींची तर मुळीच नाही. दुखापत, जात, लग्न हे विषय खेळाडूने काढले तरच. सगळ्यात जास्त घोळ कापलेल्या क्लिपने होतो: हसत मारलेला टोमणा प्रश्नाशिवाय लावला की भांडण वाटतं. प्रश्नासकट ठेवा आणि टाकण्याआधी त्याला दाखवा.