ग्रंथपालांना विनोदाचे वावडे असते का? आणि सार्वजनिक वाचनालयांत ते कॉमिक्सना मज्जाव का करतात?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर "नाही" असे आहे. दुसऱ्या प्रश्नात आपण मज्जावाचा ठपका सरसकट ग्रंथपालांवर ठेवला आहे आणि त्याला माझी सक्त हरकत आहे. पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाच्या (शासन वाचनालयांना 'अ' ते 'ड' असे वर्ग देते) सार्वजनिक वाचनालयात मी सेवानिवृत्तीपर्यंत ग्रंथपाल होते. "शांतता राखा" ही पाटी भिंतीवर लावलेली असते. ती आमच्या कपाळावरही लावलेली असते असा समज वाचकांनी का करून घ्यावा, हे मला आजवर उलगडलेले नाही.

आमच्या व्यवसायातील विनोद वाचकांच्या कानावर सहसा पडत नाही, कारण त्याचा विषय बहुतेक वेळा वाचकच असतात. रहस्यकथेच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने "खुनी डॉक्टर आहे" असे लिहून पुस्तक परत करणारे महाभाग प्रत्येक वाचनालयात असतात. शेजारच्या तालुक्यातील एक ग्रंथपालबाई ते वाक्य खोडत नसत. त्याखाली निरनिराळ्या हस्ताक्षरांत "छे, पुतण्या", "दोघेही चूक, माळी" अशी भर घालून त्या पुस्तक पुन्हा कपाटात लावत. पुढच्या वाचकाचे रहस्य शाबूत राही आणि खोडरबरही झिजत नसे. परत आलेल्या पुस्तकांत खुणेसाठी घातलेल्या आणि तशाच विसरलेल्या वस्तू, म्हणजे विजेचे बिल, एस.टी.चे तिकीट, क्वचित कोणाची तरी जन्मपत्रिका, हा तर चहाच्या वेळेचा न संपणारा विषय. एका पत्रिकेवर कोणीच हक्क सांगितला नाही, तेव्हा उपस्थित ग्रंथपालांच्या उपवर भाच्यांशी तिचे गुण जुळवून पाहण्यापर्यंत मजल गेली होती.

ही सगळी मंडळी एकत्र येत ती जिल्हा ग्रंथालय संघाच्या वार्षिक अधिवेशनात. बाहेरच्या माणसाला तेथे जांभया येतील: दीपप्रज्वलन, भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांच्या प्रतिमेला हार, अनुदानवाढीचा ठराव, वेतनश्रेणीचा ठराव, आणि हे दोन्ही ठराव गेल्या वर्षीचेच. परंतु ज्यांचा पगार परिरक्षण अनुदानाचा, म्हणजे वाचनालय चालवण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचा, हप्ता केव्हा येईल यावर अवलंबून असतो, त्यांना विनोदबुद्धी नसती, तर हा व्यवसाय केव्हाच ओस पडला असता. आमच्या जिल्ह्यात 'क' वर्गाच्या एका वाचनालयाचे ग्रंथपाल शेवटच्या रांगेत बसून रद्द झालेल्या तालिकापत्रांच्या (पुस्तकांची नोंद असलेल्या कार्डांच्या) कोऱ्या बाजूवर चित्रकथा काढत. तालिकापत्र साडेबारा बाय साडेसात सेंटिमीटरचे, जाड कागदाचे. खणातून पत्रे निसटू नयेत म्हणून त्यांतून एक सळई ओवलेली असते आणि तिच्यासाठी प्रत्येक पत्राला तळाशी मधोमध गोल भोक असते. दुसऱ्या कोणी ते भोक टाळून चित्र काढले असते. या गृहस्थांनी मात्र प्रत्येक चित्रात ते वक्त्याचे उघडे तोंड म्हणून वापरले. चार पत्रे ओळीने मांडली की एक प्रसंग पुरा होई, आणि चौथ्या पत्रात हमखास अध्यक्षीय समारोप चाललेला असे. ते पत्र ट्यूबलाइटकडे धरले की अध्यक्षांच्या तोंडातून उजेड येई, आणि अध्यक्ष विषयावर प्रकाश टाकत आहेत असे आम्ही एकमेकांना कुजबुजून सांगत असू.

कॉमिक्सचा वाद याच अधिवेशनात पेटला, आणि त्याची पूर्वपीठिका सांगितल्याशिवाय आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देता येणार नाही. १९८० च्या दशकाच्या शेवटी रेल्वेत नोकरीला असलेले एक कुटुंब बदलीमुळे गाव सोडून गेले आणि जाताना त्यांनी एक पत्र्याची ट्रंक वाचनालयाला देणगी दिली. आत इंद्रजाल कॉमिक्स आणि अमर चित्र कथा यांचे मराठी अंक होते: वेताळ (म्हणजे फँटम), जादूगार मँड्रेक, आबिद सुरती यांचा बहादूर, आणि त्यांच्या जोडीला कृष्ण, शिवाजी, बिरबल. इंद्रजाल १९६४ साली टाइम्स समूहाने सुरू केले होते, आणि त्या उभारणीत ज्यांचा सहभाग होता त्याच अनंत पै यांनी १९६७ साली अमर चित्र कथा सुरू केली. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये कायदाही १९६७ चाच. म्हणजे ज्या कायद्याने आमच्या वाचनालयांना मान्यता दिली साधारण त्याच्याच वयाची ही पुस्तके. तरी त्यांना आमच्या दारातून आत येण्याची चोरी होती.

आमच्या कार्यकारिणीतील एका सदस्यांनी ट्रंक रद्दीत घालून आलेल्या पैशांत थोरांची चरित्रे घ्यावीत असे सुचवले. या ट्रंकेत निम्मी थोरांची चरित्रेच आहेत आणि ती राम वाईरकर, प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांनी सजवलेली आहेत, असे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले, तेव्हा त्यांनी "परंतु त्यांत चित्रे आहेत" एवढेच उत्तर दिले. त्यापुढे मी वाद घातला नाही. ट्रंक उघडली आणि कामाला लागले.

हे काम दिसते तितके सोपे नाही. बत्तीस पानांच्या अंकाला कणा नसतो, त्यामुळे वर्गांकाची (विषयानुसार दिलेल्या क्रमांकाची) चिठ्ठी लावायची कोठे हा पहिलाच प्रश्न उभा राहतो; मुखपृष्ठावर लावली तर ती नेमकी वेताळाच्या मुखवट्यावर बसते. मधल्या पिना पावसाळ्यात गंजतात आणि मधले पान अलगद हातात येते, म्हणून मी प्रत्येक अंकाच्या पिना काढून, टोच्याने तीन भोके पाडून, मेण लावलेल्या दोऱ्याने तो शिवून घेतला. शिक्क्याची अडचण त्याहून मोठी होती. पुस्तक चोरीला गेलेच तर ओळखू यावे म्हणून प्रत्येक वाचनालयाचे एक ठरलेले गुप्त पान असते आणि त्यावर शिक्का मारण्याची शिस्त आहे. कादंबरीत तो शिक्का कोणाच्या वाटेत येत नाही. कॉमिक्समध्ये मात्र आमचे गुप्त पान बरोबर हाणामारीच्या प्रसंगावर येई. "बाई, ठोसा कुणाला बसला ते शिक्क्याखाली गेलंय" अशी एका मुलाची रीतसर तक्रार सूचनावहीत नोंदलेली होती. मी तिची दखल घेऊन शिक्का समासात मारायला सुरुवात केली.

हे सर्व अंक मी देणगी नोंदवहीत एकेक करून चढवले आणि प्रत्येकाला स्वतंत्र दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालयाच्या नोंदीतला क्रमांक, दिला. येथेच ठिणगी पडली. पुढच्या अधिवेशनात जिल्ह्यातील एक ज्येष्ठ ग्रंथपाल भाषणाला उभे राहिले आणि माझे नाव न घेता म्हणाले, "आमच्यातील काहींनी आता वेताळालाही दाखल क्रमांक दिला आहे." सभागृह हसले. मीही हसले असते. परंतु त्यांचे पुढचे वाक्य असे होते की, वाचनालयाचा वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या मोजली जाते आणि ती फुगवण्याची ही नवी युक्ती दिसते. हा आरोप सरळसरळ खोटेपणाचा होता. आमची ग्रंथसंख्या वर्गाला लागणाऱ्या किमान संख्येच्या कितीतरी वर होती, आणि वार्षिक अहवालात मी कॉमिक्सची संख्या वेगळ्या ओळीत दाखवली होती. तो अहवाल त्यांनी उघडूनही पाहिला नव्हता. खुल्या चर्चेत मला बोलण्याची संधी मिळाली, तेव्हा मी अहवालातील ती ओळ वाचून दाखवली आणि म्हणाले, "वेताळाला दाखल क्रमांक विचारपूर्वक दिला आहे. तो अमर आहे, त्यामुळे त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव पाठवण्याची वेळ येणार नाही." निर्लेखनाच्या, म्हणजे जुनी पुस्तके नोंदीतून काढून टाकण्याच्या, याद्या तीन-तीन प्रतींत करून वर्षानुवर्षे मंजुरीची वाट पाहणाऱ्या त्या सभागृहाला हा विनोद समजावून सांगावा लागला नाही. शेवटच्या रांगेतून चार तालिकापत्रे हातोहात पुढे आली आणि मंचापर्यंत पोहोचली. त्यांतील भोक या वेळी कोणाचे तोंड झाले होते हे मी येथे लिहीत नाही.

त्या ज्येष्ठांचा मूळ मुद्दा असा होता की चित्रांची सवय लागली की मुले अक्षरांकडे पाठ फिरवतात. हा मुद्दा आपल्याकडचा नव्हे, तो अमेरिकेतून फिरत फिरत आलेला आहे. तेथे १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञाने कॉमिक्समुळे मुले बिघडतात असे सांगणारे पुस्तक लिहिले, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, प्रकाशकांनी भीतीपोटी स्वतःवरच निर्बंध घालून घेतले, आणि तेथील कित्येक ग्रंथपालही त्या सुरात सूर मिसळत होते. पुढे वर्थम यांची कागदपत्रे अमेरिकी संसदेच्या काँग्रेस ग्रंथालयात अभ्यासकांना खुली झाली, आणि त्यांनी मुलांच्या जबान्यांत फेरफार केले होते, काही गोष्टी वाढवून सांगितल्या होत्या, हे २०१२ साली कॅरल टिली यांनी दाखवून दिले. टिली या ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापिका, आणि त्याआधी शाळेतील ग्रंथपाल. कॉमिक्सची बदनामी कागदोपत्री खोटी पाडली ती आमच्याच व्यवसायातील एका बाईने, हे मी ज्याला त्याला सांगते, आणि आपल्यालाही सांगून ठेवते.

अधिवेशनात ज्यांच्या प्रतिमेला हार घातला जातो त्या रंगनाथन यांचेच घ्या. गणिताचे हे प्राध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि त्याच सुमारास शिक्षणासाठी लंडनला गेले. तेथे एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनोचा खेळ पाहिला. तेच मोजके तुकडे निरनिराळ्या तऱ्हेने जोडून निरनिराळ्या वस्तू होतात हे पाहून त्यांना ग्रंथांची विषयवार विभागणी करणाऱ्या द्विबिंदू वर्गीकरणाची कल्पना सुचली, आणि १९३३ साली ती पद्धत प्रसिद्ध झाली. आमच्या शास्त्राचा एक आधारस्तंभ जर खेळण्यांच्या विभागात उभा राहिला असेल, तर मुलांच्या पुस्तकांनी आमची प्रतिष्ठा कशी काय जाते? प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ आणि प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक, हे त्यांचे १९३१ चे सूत्र आहे, आणि त्यात पानांची किंवा चित्रांची अट घातलेली नाही.

तेव्हा मज्जाव कोण करते, तर बऱ्याच ठिकाणी कार्यकारिणी करते आणि बोलणी ग्रंथपालाला बसतात. उरलेल्या ठिकाणी कारण हिशेबाचे असते: अंक लवकर फाटतात, हरवतात, तपासणीच्या वेळी मोजदाद जुळत नाही, आणि जुळली नाही तर उत्तर ग्रंथपालाने द्यायचे. आपल्या वाचनालयात कॉमिक्स हवी असतील, तर काउंटरवर भांडू नका. सूचनावहीत अंकांची नावे घालून लेखी मागणी नोंदवा, शक्य तर दोन-चार पालकांच्या सह्या घ्या, कारण लेखी मागणी कार्यकारिणीपुढे ठेवता येते. "कॉमिक्स हे पुस्तकच नव्हे" असे कोणी म्हणाले, तर ड्यूई दशांश वर्गीकरण या ग्रंथांच्या विषयवार विभागणीच्या पद्धतीत त्यांना ७४१.५ हा वर्गांक कशासाठी दिला आहे, एवढेच विचारा.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या सांगते. सगळी कॉमिक्स चांगली असतात असे माझे म्हणणे नाही. वेताळाच्या कथांत एक गोरा माणूस पिढ्यानपिढ्या जंगलातील लोकांवर हुकमत गाजवतो आणि ते त्याला अमर मानतात. अमर चित्र कथेत राक्षस काळे आणि देव उजळ असतात. मुलांच्या हाती ही पुस्तके देणाऱ्याने त्यांच्याशी याविषयी बोलले पाहिजे, आणि ते मी दर वेळी जमवले असे म्हणणार नाही. वाचनकक्षातील वर्तमानपत्रांतून 'चिंटू'चा चौकोन ब्लेडने कापून नेणारे, आणि त्यामुळे मागच्या बाजूच्या निधनवार्ता अर्ध्याच वाचाव्या लागलेले ज्येष्ठ नागरिक, हे दोन्ही पक्षही मी सांभाळले आहेत. कॉमिक्सचे प्रेम चोरीला माफी देत नाही. जुन्या इंद्रजाल अंकांना आता संग्राहक मोठी किंमत मोजतात, म्हणून ते असतील तर वाचनकक्षातच वाचायला द्यावेत. शिवाय महाविद्यालयीन ग्रंथालयांचे प्रश्न वेगळे आहेत. माझे उत्तर सार्वजनिक वाचनालयापुरते समजावे.

त्या ज्येष्ठ ग्रंथपालांनी पुढे कॉमिक्स मान्य केली, परंतु दहा-दहा अंक एकत्र बांधून, वर रेक्झिन चढवून, त्यांना मिळून एकच दाखल क्रमांक द्यावा असा हट्ट धरला, आणि जिल्ह्यातील काही वाचनालयांत अजून तसेच चालते असे ऐकते. तेही आता निवृत्त आहेत आणि या संकेतस्थळावर वाचतात, म्हणून स्पष्ट लिहिते: दहा अंकांचा गठ्ठा एका मुलाने घरी नेला की बाकीची नऊ मुले पंधरा दिवस रिकाम्या हाताने परत जातात. अंक सुटाच शिवावा, शिक्का समासात मारावा, आणि दाखल क्रमांक प्रत्येकाला स्वतंत्र द्यावा.